व्हरांड्यात ऐकू न येणारं वाद्य

कनकाची वीणा व्हरांड्यात ऐकू यायची. माडीवरच्या कृष्णकांतांनी फिलिपाइन्सहून आणलेलं ते होडीसारखं वाद्य ऐकू यायचं नाही. राघोत्तमरावांच्या दुखण्याचं मूळ एवढंच होतं. पण कुणाला सांगितलं असतं तर ते हसण्यावारी गेलं असतं, म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मद्रासला टी. नगरच्या एका आडरस्त्यावर या तंजावरी मराठी जोडप्याचं घर होतं. खाली दोन खोल्या, पुढे जाळीचा व्हरांडा, वर गच्चीला लागून एक माडी. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी संपल्यापासून राघोत्तमराव सकाळची पहिली कॉफी झाली की व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पुस्तक उघडून बसत. त्याच वेळी आतल्या खोलीत कनका चटईवर वीणा घेऊन बसे. मधली खिडकी उघडी असे. नोकरी होती तेव्हाही ते ऑफिसला निघण्याआधी असेच बसत. मुलगी झाली, वाढली, लग्न होऊन बंगळूरला गेली, तरी यात फरक पडला नव्हता. ती आत, ते बाहेर.

बाहेर बसण्यालाही एक कारण होतं. कनकाचे वडील, अण्णा, तंजावरचे वीणावादक. लग्नातल्या एका संध्याकाळी ते स्वतः वाजवायला बसले आणि नव्या जावयाला त्यांनी शेजारी बसवून घेतलं. राघोत्तमराव तेव्हा वीस-बावीस वर्षांचे. आनंदाच्या भरात ते मांडीवर ताल धरू लागले, आणि तो चुकला. सासऱ्यांनी वाजवणं थांबवलं, हसत म्हणाले, "जांवईबापू, तुम्ही आपलें पुस्तक वाचा. पुस्तकास ताल लागत नाहीं." सगळा मांडव हसला. कनकाही पदराआड हसली असावी. त्यांनी पाहिलं नव्हतं, पण तसं त्यांना वाटत आलं होतं. तेव्हापासून जिथे वीणा असे त्या खोलीत ते बसले नाहीत. तिच्या वाजवण्याबद्दल बरंवाईट एक अक्षरही कधी बोलले नाहीत. ज्याला ताल कळत नाही त्याने बोलावं कशाला?

मात्र ऐकत ते रोज. अगदी लक्ष देऊन. हे कनकाला ठाऊक नसावं अशी त्यांची समजूत होती.

चौसष्ट साली माडी रिकामी झाली आणि कृष्णकांत राहायला आले. मूळचे पुण्याचे, केंद्र सरकारच्या शेती खात्यात भातावर काम करणारे, चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचे, लग्न न केलेले. आवाज मोकळा. सकाळी अंघोळ करताना गात, आणि चांगलं गात. राघोत्तमरावांना त्यांचा पहिला राग आला तो याच गोष्टीचा. अंगावर तांब्या ओततानाही ज्याचा सूर हलत नाही, अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

कृष्णकांत पहिल्याच दिवशी कनकाला वहिनी म्हणू लागले.

"वहिनी, तुमचं मराठी ऐकलं की माझी पणजी आठवते. 'मज', 'तुज', 'कशास'. आमच्याकडे असं आता पोथीतच उरलंय."

"तुमचें मराठी ऐकिलें कीं मज रेल्वे स्टेशन आठवतें," कनका म्हणाली. "अस्कें सगळें धांवत धांवत बोलतां. भातासारखें शिजूं तरी द्या."

तिने त्यांचं नाव भातवाले ठेवलं. राघोत्तमराव व्हरांड्यात होते, त्यांनी ते ऐकलं. इतक्या वर्षांत तिने आपल्याला 'अहो'खेरीज काही म्हटलं नाही, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवलं. आता नवऱ्याला अहो म्हणतात, दुसरं काय म्हणणार, तरी जाणवलं.

मे महिना आला. कत्तिरीचे, अंग करपवणारे ते दिवस. एका संध्याकाळी कृष्णकांत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक हातांवर आडवं घेऊन जिना उतरले. चेहरा एखाद्या आजारी मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या बापासारखा.

"वहिनी, हे बघा काय झालं. कपाटावर ठेवलं होतं. वर गच्ची तापते ना."

कागद उलगडला तेव्हा आतून लाकडाची एक लांब, अरुंद होडीच निघाली. एका टोकाला मगरीच्या तोंडासारखं कोरीव काम, दुसरं टोक निमुळतं. तारा दोनच. एकीखाली लाकडाचे लहान पडदे मेणाच्या गोळ्यांवर उभे केलेले होते. आता मेण पाघळून ते इकडे तिकडे कलले होते. दोन तर गळूनच पडले होते. गेल्या वर्षी कृष्णकांतांना भाताच्या प्रशिक्षणासाठी फिलिपाइन्सला पाठवलं होतं. तिथे दक्षिणेकडच्या बेटावरचा एक सहकारी होता, त्याने निरोपाच्या वेळी दिलेलं हे वाद्य. कुट्यापी त्याचं नाव.

कनकाने ते मांडीवर घेतलं आणि कललेल्या पडद्याखालचं मेण अंगठ्याने दाबून पाहिलं.

"अगो, हें तर आमच्या वीणेसारखेंच," ती म्हणाली. "आमचे मेट्टु पितळेचे, हे लाकडाचे. पण बसवायचे मेणांतच."

तंजावरच्या वीणेचे पडदे काळ्या मेणात रोवलेले असतात. मेण ऊन करायचं, पडदा रोवायचा, तार छेडायची, सूर ऐकत केसभर इकडे, केसभर तिकडे करायचं. काही वर्षांनी मेण जुनं होतं, मग पुन्हा. बाकीच्या घरी त्यासाठी कारागीर येई. कनका ते वडिलांकडे बसून शिकली होती आणि स्वतःच करी.

"पण कुठला सूर कुठें होता?" तिने विचारलं.

"मला गाऊन दाखवता येईल. तो मित्र वाजवायचा ते डोक्यात आहे," कृष्णकांत म्हणाले, आणि समोर चटईवर मांडी घालून बसले. खोलीत. जिथे वीणा असे त्या खोलीत, कुणी बसा न म्हणता. मग त्यांनी डोळे मिटून एक परकी, वळणावळणाची धून गुणगुणायला सुरुवात केली, आणि त्यांच्या गळ्यातून निघालेला एकेक सूर कनकाने मेणात बसवला.

राघोत्तमराव दाराशी उभे होते. "काप्पी करूं का कुणास?" त्यांनी विचारलं. त्यांना कॉफी करता येत नव्हती.

त्यानंतर हे रोजचंच झालं. त्या परदेशी मेणाला मद्रासचं ऊन सोसेना. दुपारी ते मऊ पडे, पडदे सरकत. संध्याकाळी कृष्णकांत ऑफिसातून आले, हातपाय धुतले, की खाली येत, गुणगुणत, आणि कनका पडदे पुन्हा जागेवर आणी. मग थोडा वेळ वाजवी. वाद्य तिच्याजवळच असे, वरच्या माडीपेक्षा खाली गार म्हणून.

राघोत्तमराव संध्याकाळीही व्हरांड्यात बसू लागले. पण ते वाद्य इतकं हळू बोले की खिडकीपर्यंतही काही पोचत नसे. आधी नुसती शांतता. मग कृष्णकांतांचं "वा". मग पुन्हा शांतता, मग कनकाचं हसणं. हसण्याचं कारण त्या मधल्या शांततेत असे, आणि ती शांतता नेमकी त्यांच्या वाट्याची नव्हती. त्यांनी आरामखुर्ची खिडकीशी ओढून घेतली. तरी कावळे, शेजारचा रेडिओ आणि लांबून बसचा हॉर्न एवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कनकाने खिडकीच लावून घेतली.

"ऊन येतें डोळ्यांवर," ती म्हणाली.

ऊन खरंच येत होतं. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, ती स्वयंपाकघरात असताना, तिच्या जागेवर बसून पाहिलं. अगदी डोळ्यांवर येत होतं. तरी त्यांचं समाधान झालं नाही.

जेवताना त्यांनी एक प्रयत्न करून पाहिला. कृष्णकांतांना अधूनमधून रात्रीच्या जेवणाला बोलावलं जाई, आणि ते वांग्याच्या रसवांगीची इतकी तारीफ करत की कनका त्यांना तीनदा वाढी. एका दुपारी दोघंच जेवत असताना राघोत्तमराव घसा साफ करून म्हणाले, "सांबार चांगलें झालें आहे."

कनकाचा हात थांबला. "मीठ कमी पडलें कां?"

"नाहीं. चांगलें झालें आहे, इतकेंच."

"मग अंगांत कणकण आहे कां?" तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला, आणि त्यांना जे येत होतं ते केलं. एग्मोरच्या वाचनालयात जाऊन त्यांनी पूर्वेकडच्या बेटांवरची जाडजूड पुस्तकं काढून घेतली. अनेक दिवस ते दहाच्या बसने जात आणि डबा तिथेच खात. अखेर एका पुस्तकात कुट्यापी सापडली. चित्रात एक तरुण ती मांडीवर आडवी घेऊन बसला होता. खाली लिहिलं होतं की हिचा आवाज फार मंद, जवळ बसलेल्यालाच ऐकू जावा असा. आणि तिथले तरुण आपल्या मनातलं माणूस वश करण्यासाठीही ती वाजवतात, शब्दांत सांगवत नाही ते तारेवर सांगतात.

राघोत्तमरावांनी चष्मा काढून पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. पुन्हा वाचल्याने त्यात काही फरक पडला नाही.

परतताना बसमध्ये त्यांनी स्वतःची समजूत घातली. वाजवते ती, तो नव्हे. ती पन्नाशीची बाई, नातवंडं असलेली. तो गाणं कळणारा, सरळ स्वभावाचा माणूस. चोरून काही करत नाही, दार सताड उघडं असतं. हे सगळं त्यांना पटलं. मग त्यांच्या मनात आलं की वश करणं म्हणजे तरी काय असतं; समोर बसायचं आणि 'वा' म्हणायचं, एवढंच तर. आणि तेवढं आपण उभ्या जन्मात केलं नाही. पानगल पार्कचा आपला थांबा मागे पडला तेव्हा ते भानावर आले, आणि उन्हातून उलटे चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते म्युझियममध्ये राणोजींना भेटले. राणोजी तंजावरचेच, नात्यात लांबचे, तिथे वस्तूंची नोंद ठेवण्याच्या कामावर होते. राघोत्तमरावांनी त्यांना कुट्यापीविषयी सांगितलं: इतकी दुर्मीळ वस्तू, घरात उन्हात खराब होते आहे, तिची जागा काचेच्या कपाटात आहे. बोलताना त्यांचा स्वर स्वच्छ होता, वाक्यं मुद्देसूद होती. आपण विद्येची सेवा करत आहोत असं त्यांना स्वतःलाही थोडं वाटू लागलं. राणोजी म्हणाले, मालक देत असतील तर शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन येतो.

कृष्णकांतांना त्यांनी जिन्यातच गाठलं. नाही म्हणतील, भांडतील अशी त्यांची अपेक्षा होती. किंबहुना आशा होती.

कृष्णकांत पायरीवरच टेकले. मग म्हणाले, "राघोत्तमराव, मी काय, ती सामानात बांधून आणली एवढंच. मला ती वाजवताही येत नाही. जिला येतं तिनं ठरवावं. वहिनी देते म्हणाल्या तर द्या."

हा चांगुलपणाही राघोत्तमरावांना टोचला. हक्क सोडायचा तोही तिच्या हवाली.

कनका विळीवर गवार चिरत होती. त्यांनी दाराशी उभं राहून सांगितलं.

"म्यूझियमांत? कांचेच्या आंत?"

"होय. तिथें ती नीट राहील. लोक बघतील."

"बघतील," कनका म्हणाली. शेंगांचे दोन-तीन तुकडे विळीवरून खाली पडले. "सेरी, बरें तर. द्या."

ती इतक्या सहज हो म्हणेल असं त्यांना वाटलं नव्हतं. हातात आयुध घेऊन दार ढकलायला जावं आणि दार आधीच उघडं असावं, तसं झालं.

"पण अशी मोडकी नको द्यायला," ती पुढे म्हणाली. "त्यांचें मेण आतां टिकत नाहीं. आमच्या वीणेचें मेण घालून पक्कें बसवून देतें. मग हलायचें नाहीं. मात्र एक आहे, पक्कें बसविलें कीं त्यांत एकच राग राहील. वीणेवर अस्के सूर असतात, हवे ते घ्या. हिच्यांत बसवाल तेवढेच." तिने वर पाहिलं. "कोणता बसवूं?"

"मज काय कळतें त्यांतलें," राघोत्तमराव म्हणाले. नेहमीचंच उत्तर.

"खरें," कनका म्हणाली, आणि पुन्हा चिरू लागली.

कृष्णकांतांना मात्र कळत होतं. गुरुवारी सकाळी ते कुंभकोणमकडे दौऱ्यावर निघाले, बॅग हातात घेऊन जिन्याच्या तळाशी थांबले आणि आत डोकावून म्हणाले, "वहिनी, भूप लावा हं. म्हणजे तुमचा मोहनम्. आपला भूप."

व्हरांड्यात राघोत्तमरावांनी पुस्तक मिटलं. आपला.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर कनकाने शेगडीवर लोखंडी पळी ठेवली. पळीत मेण, राळ आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड. घरभर गोडसर, धुरकट वास पसरला. तिने खोलीत चटई टाकली आणि हाक मारली.

"अहो. या."

"मी?"

"भातवाले गांवीं नाहींत. लांकूड इतकें लांब, कुणीं धरायला नको? भिंत धरील?"

राघोत्तमराव दारात थांबले. चटईवर कृष्णकांत बसत त्या जागी वेत जरा दबले होते. त्यांनी ती जागा टाळून बसायचा प्रयत्न केला, पण वाद्याचं टोक नेमकं तिथेच येत होतं. शेवटी त्याच जागेवर बसले. मगरीचं तोंड त्यांच्या मांडीवर आलं. दोन्ही हातांनी त्यांनी लाकूड घट्ट धरलं.

"श्वास सोडा," कनका म्हणाली. "तुम्ही श्वास धरिलात कीं तें हलतें."

तिने जुनं मेण खरवडून काढलं, काळं मेण पळीने ओतलं, त्यावर पहिला पडदा उभा केला आणि तार छेडली.

तेव्हा त्यांना ते वाद्य प्रथम ऐकू आलं. इतक्या जवळ बसूनही आवाज लहानच होता, मडक्याच्या तळाशी थेंब पडावा तसा. पण तो लाकडातून त्यांच्या तळहातांत आला, मनगटांपर्यंत चढला. दुसरी तार खाली एकच सूर धरून होती. हे रोज संध्याकाळी इथे होत होतं. हे त्या माणसाने रोज ऐकलं. आणि तरीही त्यांना वाटलं की तिने आणखी एकदा छेडावं.

तिने दुसरा पडदा रोवला. सरकवला. छेडला. तिसरा. राघोत्तमराव खाली मान घालून ऐकत होते. चौथ्या पडद्याशी त्यांची मान वर आली.

"हा मोहनम् नव्हे," ते म्हणाले.

कनकाने पडद्यावरचं बोट काढलं नाही. "नव्हे."

"ऋषभ नाहीं ह्यांत. पंचमही नाहीं. हा हिंदोळम्."

"नांव ठाऊक आहे म्हणायचें तुम्हास."

"ते भूप बोलले होते."

"त्यांस भूप आवडतो. त्यांनीं तोंडानें सांगिटलें." तिने पुढच्या जागी मेण ओतलं. "तुम्ही कधीं काय सांगिटलें?"

मेण थंड होत होतं, तिला थांबायला वेळ नव्हता. पडदा रोवता रोवताच ती बोलत राहिली.

"तुमचीं पानें वाजतात. बाहेर बसून उलटतां तीं मज आंत ऐकूं येतात. मोहनम् वाजविला कीं तुम्ही पान उलटतां. कल्याणी वाजविली कीं उलटतां. तोडींत तर भराभरा, जणूं पाठीस कुणी लागलें आहे. हिंदोळम् लागला कीं एक पान हलत नाहीं. लग्न झाल्यापासून पाहतें."

राघोत्तमरावांच्या कानाची पाळी तापली. आपण लपलो आहोत असं समजून जिथे इतकी वर्षं बसलो ती जागा चारी बाजूंनी उघडी होती तर. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा. पण त्याच्या आधी ओठांवर आलं ते दुसरंच.

"मग त्यांच्यासमोर रोज काय म्हणून वाजवितेस?"

बोलल्याबरोबर त्यांना ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं. कनका मात्र चिडली नाही. तिने पळी शेगडीच्या कडेला टेकवली.

"ते समोर बसतात म्हणून. चुकलें तर चुकलें बोलतात, बरें झालें तर बरें. मज आवडतें तें. लपवूं कशास?" पळीतलं मेण ढवळत ती म्हणाली, "अण्णा गेल्यापासून माझ्यासमोर कुणी बसलें नव्हतें. किती दिवस मनुष्यानें पानांचा आवाज ऐकून वाजवावें?"

हे खरं होतं आणि ते लागलं. राघोत्तमरावांनी लाकूड अधिक घट्ट धरलं.

"श्वास," कनका म्हणाली.

शेवटचा पडदा उरला, सगळ्यांत वरचा, लहानसा. तिने तो मेणात टेकवला, सोडला नाही, तार छेडली.

"लागला कां?"

"तूच सांग. मज—"

"मी नाहीं सांगत. तुम्ही सांगा. मेण घट्ट होतें आहे."

मांडव, सासरे, मांडीवरचा तो चुकलेला हात. हे सगळं त्या एका क्षणात त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं. त्यांनी डोळे मिटले. "अजून छेड," ते म्हणाले. तिने छेडली. "आणखी इकडे. माझ्याकडे." तिने सरकवला. "किंचित आणखी." पुन्हा सरकवला. "पुरे. तिथें."

कनकाने तार छेडली, आवाज विरेपर्यंत ऐकला. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळलं नाही. तिने बोट उचललं आणि पडदा होता तिथेच राहू दिला.

मग ती वाजवू लागली. वरून खाली, खालून वर, सावकाश. ते तसेच टोक धरून बसून राहिले. आता धरायची गरज नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. राणोजी.

कनका थांबली. होडी मांडीवरून उतरवून तिने चटईवर ठेवली, पदराने तिच्यावरचा राखेचा कण टिपला आणि हात मागे घेतले.

राघोत्तमराव उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या. व्हरांडा ओलांडून ते फाटकापर्यंत गेले. राणोजी रुमालाने मान पुसत उभे होते. त्यांच्या मागे गाडीत गवत भरलेली एक लाकडी पेटी तयार होती. ही सगळी व्यवस्था आपणच केली, तीही अशी मुद्देसूद, हे आठवून राघोत्तमरावांना पेटीकडे बघवेना.

"काय, तयार आहे ना?" राणोजींनी विचारलं.

"मेण ओलें आहे," राघोत्तमराव म्हणाले.

"हां. कधीं वाळेल?"

"ह्या उन्हांत सांगतां येत नाहीं. कत्तिरी आहे ना."

"कत्तिरी संपल्यावर येऊं?"

"मग हवा दमट होते. दमट हवेंतही बसत नाहीं तें." जन्मात इतकं सलग खोटं ते कधी बोलले नव्हते. "मीच कळवीन. तुम्ही ताक घ्या. उन्हांतून आलांत."

राणोजींनी ताक घेतलं, दोन पेले घेतले, आणि रिकामी पेटी घेऊन गेले.

कृष्णकांत रविवारी दुपारी परत आले. जिना चढायच्या आधीच त्यांना खोलीत काहीतरी चाललंय असं वाटलं असावं. बॅग तशीच हातात धरून ते दारात आले. कनका होडी मांडीवर घेऊन वाजवत होती आणि समोर, वेत दबलेल्या त्या जागेवर, राघोत्तमराव बसले होते. मांडीवर पुस्तक होतं, मिटलेलं.

"अरे, गेली नाही का ही?" कृष्णकांत म्हणाले.

"मेण ओलें आहे," राघोत्तमराव म्हणाले.

कृष्णकांतांनी बसायला जागा शोधली. राघोत्तमराव सरकले नाहीत. तेव्हा ते उंबऱ्याशीच टेकले आणि मान पुढे करून ऐकू लागले. त्यांच्यापर्यंत कितपत पोचत होतं कोण जाणे.

"हा तर मालकंस, तुमचा हिंदोळम्," थोड्या वेळाने ते म्हणाले. "आणि भर दुपारी? वहिनी, हा रात्रीचा राग."

"आमच्या घरीं दुपारीं चालतो," राघोत्तमराव म्हणाले.

कृष्णकांत हसले. पुन्हा डोळे मिटून ऐकू लागले. आणि कनका वाजवत वाजवत वरच्या टोकाला, त्या शेवटच्या लहान पडद्यावर गेली तेव्हा त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली.

"वहिनी, हा शेवटचा पडदा जरा चढा लागलाय. केसभरच. खाली घ्यायला हवा."

चुकला होता. यावेळीही चुकलाच होता. राघोत्तमरावांनी पुस्तक उघडलं, पण चष्मा डोळ्यांवर नव्हता आणि अक्षरं दिसत नव्हती.

"ठाऊक आहे मज," कनका म्हणाली. "बसवितांनाच ऐकूं आलें."

"मग मेण ओलं आहे तोवर सरकवू या की. मी धरतो."

"नको, भातवाले," कनका म्हणाली. "तो तसाच राहूं दे."

आणि तिने पुन्हा त्याच पडद्यावर बोट ठेवून तार छेडली.